निळी-पांढरी फुलं लावूनही बाग शांत का वाटत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागे मध्यम आकाराची बाग आहे. निळा आणि पांढरा हे शांत रंग, असं वाचून त्याच रंगांची रोपं लावली. रोपं जोमात आहेत, फुलं भरपूर येतात. पण संध्याकाळी बाकावर जाऊन बसलं की मन निवण्याऐवजी नजर इकडून तिकडे पळत राहते, आणि निळी फुलं तर दिसेनाशीच होतात. शिवाय एका कोपऱ्यात चार मंडळी जमतात, तिथे जरा उत्साही वातावरण हवं आहे. तर कुठले रंग बदलावेत?

रंग बदलायच्या आधी जरा थांबा. तुमच्या वर्णनावरून मला तरी रंगांची निवड चुकल्यासारखी वाटत नाही. अडचण दुसरीकडे आहे. शेजारी-शेजारी आलेल्या रंगांमधला फरक फार आहे, रंग ठिपक्या-ठिपक्यांत विखुरलाय, आणि बाग ज्या वेळी बघितली जाते त्या वेळच्या उजेडाचा विचार झालेला नाही. ‘निळा म्हणजे शांत, लाल म्हणजे उत्साह’ हे सूत्र अगदीच खोटं नाही, पण केवळ त्याच्या भरवशावर रोपं आणली की बहुतेक वेळा हेच होतं. शेजारी कोण आहे, किती आहे आणि उजेड कसला आहे, यावर एकच निळा कधी शांत वाटतो, कधी उदास, तर कधी चक्क अस्वस्थ करतो.

मी तुमची बाग पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच ताडून बघाव्या लागतील. ऊन कुठून आणि किती वेळ येतं, मागच्या भिंतीचा रंग कोणता, बाकावर बसलं की समोर काय येतं, हवामान कसं आहे, यावर तपशील बदलतात. रोपाचा रंगही सगळीकडे सारखा राहत नाही. हायड्रेंजियाच्या निळ्या-गुलाबी जातींचं उदाहरण प्रसिद्धच आहे: माती आम्लधर्मी असेल, म्हणजे सामू (pH) साधारण ५.५ च्या खाली, तर मुळांना अ‍ॅल्युमिनियम मिळतं आणि फुलं निळी येतात, सामू ६.५ च्या वर गेला की तेच झुडूप गुलाबी फुलतं. क्रोटन सावलीत नेलं की नवी पानं हिरवी यायला लागतात. नर्सरीतल्या चिठ्ठीवर छापलेला रंग हा अंदाज समजायचा.

आता पांढऱ्याकडे वळतो, कारण नजर पळण्याचं मुख्य कारण माझ्या मते तेच आहे. बागेत पांढऱ्याइतका उजळ रंग दुसरा नाही, आणि गर्द हिरवी पानं ही गडद रंगांतली. म्हणजे गर्द झुडपावरचं एकेक पांढरं फूल हा बागेतला सगळ्यांत तीव्र विरोध असतो. डोळा आधी तिथेच जातो. अशी फुलं चार वाफ्यांत दोन-दोन, तीन-तीन विखुरलेली असली की नजर एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहते. ‘भडक रंगांच्या मधे थोडं पांढरं टाकलं की सगळं शांत होतं’ असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. लाल-केशरी वाफ्यात मधेमधे पांढरं आलं की वाफा फुटल्यासारखा दिसतो.

मग पांढऱ्या बागा शांत कशा वाटतात? इंग्लंडमधल्या सिसिंगहर्स्टला लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी १९५० च्या सुमारास पांढऱ्या फुलांची बाग उभी केली, ती जगभर नावाजली. तिचे फोटो बघून लोक पांढरी रोपं घेऊन येतात. पण तिथे पांढऱ्याच्या बरोबरीने राखाडी, रुपेरी पानांची झाडं आहेत, आणि गडद हिरवा ते पांढरा यांच्या मधल्या पायऱ्या ती पानं भरून काढतात. शिवाय वाफ्यांना बारीक कातरलेल्या बॉक्सवुड झुडपांची कडा आहे, त्यामुळे फुलांचा पसारा एका चौकटीत राहतो. तुमच्या बागेत या मधल्या पायऱ्याच नसाव्यात असा माझा अंदाज आहे. थेट गर्द हिरवं आणि थेट पांढरं.

शेजाराचा परिणाम किती असतो याचा एक जुना किस्सा आहे. पॅरिसच्या गोब्लँ या विणकाम कारखान्यात मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर रंगात दोष नव्हता, शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. त्यांचा यावरचा अभ्यास १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे चित्रकारांनी तो उचलून धरला. बागेत याची खात्री करून घ्यायला एक मिनिट पुरतं. गर्द निळ्या गोकर्णाचं एक फूल तोडा आणि केशरी अबोलीच्या तुऱ्याला टेकवून धरा. निळा एकदम खोल होतो, केशरी पेटल्यासारखा दिसतो, आणि दोघांच्या सीमेवर डोळ्याला किंचित टोचतं. आता तेच फूल फिक्या जांभळ्या फुलांशेजारी, मागे राखाडी-हिरवं पान ठेवून धरा. गोकर्ण तेच, पण आता ते मागे सरकतं आणि कडा विरघळल्यासारखी वाटते. पहिल्या जोडीत उत्साह आहे, दुसरीत शांतता, आणि निळं फूल दोन्हीकडे तेच आहे.

शांत कोपऱ्यासाठी म्हणूनच मी रंगचक्रावर एकमेकांना लागून असलेले रंग घेतो: निळा, फिका निळा, जांभळट, आणि जोडीला राखाडी-हिरवं. छटा वेगळ्या असल्या तरी उजळपणातला फरक बेताचा ठेवतो. हा फरक नुसत्या डोळ्यांना चटकन कळत नाही, रंगांमुळे फसगत होते. मोबाइलवर बाकाच्या जागेवरून फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. शांत बागेचा फोटो राखाडीच्या लागोपाठच्या छटांचा दिसतो. तुमच्या फोटोत काळ्यावर पांढरे ठिपके दिसतील, असं मला वाटतं. जे ठिपके खटकतील ती रोपं आधी हलवायची.

हलवायची म्हणजे काढून टाकायची नाहीत, एकत्र आणायची. रंगाचं प्रमाण आणि त्याचा सलगपणा यावर भाव जितका अवलंबून असतो तितका रंगाच्या नावावर नसतो. ब्राझीलचे उद्यानरचनाकार रॉबर्टो बुर्ले मार्क्स मुळात चित्रकार. ते एकाच जातीची झाडं मोठ्या सलग पट्ट्यांत लावत. वरून बघितलं तर कॅनव्हासवर ब्रश फिरवल्यासारखं दिसे. एवढी जागा आपल्याकडे नसते, पण तत्त्व लहान वाफ्यालाही लागू पडतं. आठ प्रकारची एकेक रोपं लावण्याऐवजी तीन प्रकार घ्या, प्रत्येकाची पाच किंवा सात रोपं एकमेकांना लागून लावा, आणि त्यातलाच एक पुंजका थोड्या अंतरावर पुन्हा येऊ द्या. पुनरावृत्ती झाली की डोळ्याला पुढे काय येणार याचा अंदाज येतो आणि तो शोधत फिरायचं थांबवतो. हौसेने गोळा केलेल्या रोपांच्या बागेला हे जड जातं, याची मला कल्पना आहे. अशा एकुलत्या एक रोपांसाठी मी घराजवळ कुंड्यांची वेगळी रांग करतो. तिथे प्रत्येक झाड जवळून बघायचं असतं, त्यामुळे विविधता त्रास देत नाही.

आता संध्याकाळचा मुद्दा, जो तुमच्या प्रश्नात आलाय पण ज्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. उजेड कमी झाला की डोळ्याची रंगांबद्दलची संवेदनशीलता सरकते. भर उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या प्रकाशाला, म्हणजे पिवळट हिरव्याला, सर्वाधिक प्रतिसाद देतो; अंधारात तो बिंदू ५०७ च्या आसपास, निळसर हिरव्याकडे जातो. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १९ व्या शतकाच्या सुरुवातीला हे फुलांवरच टिपलं होतं: दिवसा झळाळणारा लाल तिन्हीसांजेला सर्वांत आधी काळवंडतो, आणि निळे-हिरवे त्या मानाने उजळ राहतात.

मग तुमची निळी फुलं का हरवतात? कारण ती बहुधा गर्द निळी किंवा जांभळी आहेत. गर्द फूल मुळात उजेडच कमी परतवतं, त्यामुळे मागच्या पानांत मिसळून जातं. फिका निळा मात्र तिन्हीसांजेला छान राहतो. फिक्या निळ्या प्लंबॅगोचा ताटवा सूर्यास्तानंतरही बराच वेळ ओळखू येतो. मोगरा, कुंती, निशिगंध, तगर हेही त्या वेळचे. रात्री फुलणाऱ्या बऱ्याच झाडांची फुलं फिकी आणि सुवासिक असतात, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या पतंगांना अंधारात वाट काढायची असते. तुम्हाला मुख्यतः संध्याकाळी बसायचं असेल तर ही यादी आपसूक तुमच्या बाजूने काम करते. गर्द निळं आणि जांभळं फेकू नका. सकाळी चहा घेताना जिथे नजर जाते तिथे, शक्यतो पिवळट हिरव्या पानांपुढे न्या.

उलट दुपारचं डोक्यावरचं ऊन फिक्या रंगांचा सगळा नाजूकपणा धुऊन टाकतं; तिथे गडद, भरीव रंगच टिकतात. बाग कधी बघितली जाते, हा माझा पहिला प्रश्न असतो तो यासाठीच. कोण बघणार, हा दुसरा. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळ्याकडचे रंग मळकट दिसायला लागतात. एका ज्येष्ठ बाईंच्या अंगणात मी जांभळ्या छटांचा बेत मांडला तेव्हा त्या म्हणाल्या, मला हे सगळं राखाडीच दिसतंय. तिथे पिवळा आणि फिका केशरी आला, आणि शांतता साधण्याचं काम पानांनी केलं. घरात कुणाला लाल-हिरव्यातला फरक कळत नसेल, तर हिरव्या झुडपावरची लाल जास्वंद त्या माणसाला जवळजवळ दिसतच नाही, हेही ध्यानात असू द्या.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: शांत भागात रंगांचा शेजार जवळच्या छटांचा हवा, पुंजके मोठे हवेत, पांढरं एकत्र आणि राखाडीच्या सोबतीने हवं, आणि संध्याकाळसाठी फिके रंग हवेत.

पण फुलांवर एवढं बोलूनही माझं मत असं आहे की शांततेचं बरंचसं काम हिरवाच करतो. फूल काही आठवडे राहतं, पान वर्षभर. संशोधक रॉजर उलरिख यांचा १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेहमी सांगितला जातो: पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. रुग्ण ४६ च होते, त्यामुळे त्यावर डोलारा उभारू नये. पण त्यात फुलांच्या रंगाचा प्रश्नच नव्हता, हे बागवाल्यांनी लक्षात घेण्याजोगं आहे. जपानमधल्या क्योतोच्या र्योआन-जी मंदिरातल्या प्रसिद्ध बागेत तर फूल नाहीच. रेघा ओढलेली फिकी खडी, १५ दगड, त्यांच्या बुडाशी शेवाळं. तरी तिथे बसणाऱ्याला काही कमी पडत नाही.

म्हणून मी आराखडा करताना फुलं वगळून विचार करतो. नेच्यांची बारीक, झिरमिळी पानं, त्यांच्या मागे एखादं रुंद, गुळगुळीत पान, बाजूला उभी सरळ पाती. पोत बदलतो, रंग जवळपास तोच राहतो. मोठी, ठसठशीत पानं जवळ आल्यासारखी वाटतात आणि बारीक पानं मागे गेल्यासारखी. लहान बागेत मोठी पानं अगदी टोकाला लावली तर बाग आणखी लहान दिसते. रंगांचंही तसंच. उष्ण रंग पुढे येतात, थंड रंग मागे हटतात. एका अरुंद, लांबट परसात मागच्या भिंतीशी केशरी कर्दळीची दाट रांग होती. दारात उभं राहिलं की ती अंगावर आल्यासारखी वाटायची, मधली सगळी जागा गिळून टाकायची. आम्ही फक्त अदलाबदल केली: कर्दळ दाराजवळच्या उन्हात आणली, आणि भिंतीशी फिका निळा प्लंबॅगो आणि राखाडी पानांची झुडपं. जागा तितकीच, पण मालक म्हणाले की परस लांब झालं.

तुमच्या उत्साही कोपऱ्याची जागा यावरूनच ठरवता येईल. तो घराजवळ असू द्या आणि बाक लांबच्या टोकाला. याला आणखी एक कारण आहे. लाल फुलाकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि मग पांढऱ्या कागदाकडे बघा. कागदावर निळसर हिरवी छाया तरंगते. लाल बघून थकलेला डोळा त्याच्या विरुद्ध रंगासाठी ताजा असतो. इंग्लंडच्या गर्ट्रूड जेकिल (१८४३-१९३२) यांनी हे बागेत फार नेमकं वापरलं. त्या आधी चित्रकार, नजर अधू होत गेल्यावर बागेकडे वळल्या. त्यांच्या लांब वाफ्यात टोकांना थंड, फिके रंग असत, मधे पिवळा, केशरी आणि ऐन मध्यावर लाल. मग पुन्हा उतरत थंड रंगांपर्यंत. उष्ण रंगांवरून चालत आलेल्या माणसाला पुढचा राखाडी-निळा नेहमीपेक्षा टवटवीत वाटे. तुमच्याकडेही माणूस गप्पांच्या कोपऱ्यातून बाकाकडे जाणार असेल तर हे फुकट मिळतं. फक्त मधे थोडी साधी हिरवळ किंवा हिरवं झुडूप सोडा. बाकावरून तो लाल कोपरा समोर दिसता कामा नये.

त्या कोपऱ्यात मात्र हात आखडता घेऊ नका. लाल, केशरी, पिवळा असे शेजारचे उष्ण रंग, सोबत तांबूस-काळपट पानांचं एखादं झुडूप, उभ्या पानांची कर्दळ, वाऱ्यावर हलणारं गवत. विरोधासाठी निळ्याचा एकच पुंजका. बोगनवेलीची गुलाबी-जांभळी छटा केशरीशेजारी बहुधा भांडते, तिला निळ्या-जांभळ्यांच्या जवळ किंवा एकटीलाच राहू द्या. तिचा रंग पाकळ्यांचा नसून फुलांभोवतीच्या पानांचा असतो, त्यामुळे महिनोन्महिने टिकतो. चुकीच्या शेजारी आली तर खटकतेही तितकेच महिने.

बाकाची मांडणी रंगाइतकीच महत्त्वाची आहे. पाठीशी दाट झुडूप किंवा भिंत हवी आणि समोर थोडं मोकळं. पाठ उघडी असेल तर कुठल्याही रंगाने तिथे माणूस फार वेळ टेकत नाही. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतो, म्हणून समोरची झाडं त्याच्या खालीच ठेवा. नजर थांबायला एकच जागा द्या: एखादं मोठं रांजण, पाण्याचं भांडं किंवा एक डौलदार झाड. अशा तीन-चार वस्तू मांडल्या की एकाच खोलीत सगळे एकदम बोलत असल्यासारखं होतं. पायवाट वळवायची असेल तर वळणाला झाड किंवा दगडाचं निमित्त असावं. गप्पांच्या कोपऱ्याकडे जाणारी वाट दोघांना शेजारी चालता येईल अशी, साधारण १.२ मीटर रुंद. बाकाकडची त्याहून अरुंद, म्हणजे पावलं आपोआप मंदावतात.

दिव्यांचं एक सांगायचं राहिलं. पिवळसर दिव्याच्या उजेडात, म्हणजे दिव्याच्या खोक्यावर २७०० केल्विनच्या आसपास रंगतापमान लिहिलेलं असतं त्यात, निळा घटक कमी असतो. त्यात निळी फुलं मळकट दिसतात. माणसांना मात्र तोच उजेड सुखावतो. म्हणून पिवळसर दिवाच घ्या, तो गुडघ्याच्या खाली, झुडपाआड बसवा आणि त्याचा झोत नेच्यांवर किंवा पायवाटेवर पडू द्या, निळ्या वाफ्यावर नको.

काम कुठल्या क्रमाने करायचं? आत्ता नवीन काही विकत घेऊ नका. बाकाची पाठ आणि समोरचा नजरेचा ठिकाणा आधी ठरवा. कृष्णधवल फोटो काढा, विखुरलेली पांढरी रोपं हंगाम बघून दोन ठिकाणी एकत्र आणा. गर्द निळी सकाळच्या जागी. मग रिकाम्या जागांत राखाडी आणि बारीक पानांची झाडं, आणि सगळ्यांत शेवटी फिक्या निळ्याची भर. नवा रंग कुठे बसतो ते बघायला मी त्या रंगाचं कापड काठीला बांधून दोन-चार दिवस वाफ्यात उभं करतो आणि ज्या वेळी बाग बघितली जाते त्याच वेळी बाकावर बसून पाहतो. आणि मागची भिंत पांढरी असेल तर झाडांना हात लावण्याआधी तिला करडा-हिरवा किंवा मातकट रंग द्या. सगळ्यांत मोठा पांढरा ठिपका कदाचित तीच असेल.